किट लेन्स बिघडली? तशीच वापरलेली घ्या, पण भिंतीसमोर तपासून

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम, म्हणजेच किट लेन्स, बिघडली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘दुरुस्त करून घे’. दुसरा, ‘ती सोड, आता पन्नासची प्राइमच (झूम नसलेली लेन्स) घे’. पैसे मोजके असतील तर दोन्ही चुकीचे आहेत.

दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा आतली फ्लेक्स केबल (पट्टीसारखी लवचिक वायर) नाहीतर फोकसची मोटर. त्यासाठी सगळी लेन्स उघडावी लागते आणि मजुरी लेन्सच्या किमतीच्या आसपास जाते. दुरुस्तीचा आकडा वापरलेल्या लेन्सच्या निम्म्याहून वर गेला, तर मी दुकानातून परत फिरतो. पन्नासची प्राइम सुंदर लेन्स आहे, पण लहान सेन्सरवर ती कॅननला ८० आणि निकॉनला ७५ मिलिमीटरसारखी वागते. सदाशिव पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बारसं असेल तर तुमची पाठ भिंतीला टेकते, तरी पाळणा, आत्या आणि पणजी एका फोटोत मावत नाहीत. ज्याच्याकडे एकच लेन्स असणार आहे, त्याला १८ लागतेच.

बिघाड लेन्समध्येच आहे ना, हे आधी पक्कं करा. तुमची लेन्स मित्राच्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) आणि त्याची तुमच्या बॉडीवर लावली की पाच मिनिटांत कळतं. कॅननवर ‘एरर ०१’ येत असेल तर लेन्सच्या मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. खोडरबर घासू नका, त्याचा चुरा बॉडीत जातो. पुसूनही ॲपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्समधलं छिद्र) पूर्ण उघडं असताना फोटो येतो आणि ते एफ ८ एवढं लहान केलं की एरर येते, असं होत असेल तर केबल गेलेली आहे. पुसत बसू नका.

आता कोणती घ्यायची. कॅननवाल्यांनी नावात ‘आयएस’ आहे का ते बघा, म्हणजे हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर. २०११ साली ‘आयएस टू’ आणि नुसती ‘थ्री’ अशा दोन लेन्स निघाल्या. तीनचा आकडा बघून लोक ती नवी समजून उचलतात, पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही. ‘आयएस एसटीएम’ मिळाली तर उत्तमच. निकॉनवाल्यांनी ‘एएफ-पी’ लेन्स घेण्याआधी आपली बॉडी बघावी. डी३१००, डी३२००, डी५१०० किंवा डी७००० वर ती फोकसच करत नाही, हातानेसुद्धा नाही. या बॉड्यांना ‘एएफ-एस व्हीआर’ घ्या, व्हीआर म्हणजे निकॉनचा स्टॅबिलायझर.

विकणारा असा शोधा की जो मोठ्या लेन्सकडे गेला आहे आणि ज्याची किट लेन्स कपाटात पडून आहे. साडेतीन हजारांवर मी जात नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी लेन्स दिसतात, पण तिथल्या गर्दीत पुढची तपासणी होत नाही, म्हणून मी तिथे घेत नाही.

ही तपासणीच खरी अवघड. मी पहिली वापरलेली लेन्स घेतली ती संध्याकाळी, एका चहाच्या टपरीवर. काच स्वच्छ, झूम मऊ, फोकस झटपट. समोरच्या माणसाचे चार फोटो काढले, मागच्या स्क्रीनवर छान दिसले, पैसे दिले. पुढच्या रविवारी मावसबहिणीच्या साखरपुड्याचा सगळ्या कुटुंबाचा फोटो काढला. घरी मोठ्या स्क्रीनवर बघतो तर उजवीकडचे सहा जण धुरकट. मधले सगळे लख्ख. लेन्स कधीतरी पडलेली होती, आतली एक काच तिरकी बसली होती, आणि बाहेर एक ओरखडा नव्हता. तो फोटो पुन्हा काढता येणार नव्हता, कारण त्या सहा जणांतले माझे काका त्याच वर्षी गेले. तेव्हापासून मी भिंतीशिवाय लेन्स घेत नाही.

विकणाऱ्याला दिवसाउजेडी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर बोलवा. दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे ती बाजू बराच वेळ सारख्या सावलीत असते. तटाचा खालचा भाग दगडी आहे आणि वरचा विटांचा. विटांचे बारीक सांधे चारही कोपऱ्यांत येतील अशी चौकट धरा. बुरूज टाळा, सपाट भाग घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, आयएसओ १००, ॲपर्चर पूर्ण उघडं, फोकस मधोमध. १८, ३५ आणि ५५ वर दोन-दोन फोटो काढा. मग स्क्रीनवर पूर्ण मोठं करून चारही कोपरे एकामागोमाग बघा.

चारही कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असतील तर घाबरू नका, किट लेन्स उघड्या ॲपर्चरला अशीच असते. एक कोपरा किंवा एक बाजू बाकीच्यांहून स्पष्टपणे धुरकट असेल तर संशय धरा. पण लगेच निकाल देऊ नका. इथे मी दुसऱ्यांदा चुकलो होतो. कॅमेरा भिंतीला थोडा तिरका धरला होता आणि एक चांगली लेन्स नाकारून आलो. म्हणून आता कॅमेरा हातात उलटा धरून, शटरचा वेग वाढवून, भिंतीचा तोच भाग पुन्हा टिपतो. दोन्ही वेळी भिंतीच्या त्याच विटा धुरकट आल्या, तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. धुरकटपणा लेन्सबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर काच तिरकी आहे. ती लेन्स हजार रुपयांत मिळाली तरी घेऊ नका.

तिथेच ॲपर्चरची पातीही बघून घ्या. मॅन्युअल मोडवर, १८ मिलिमीटरला, एक फोटो एफ ३.५ आणि १/५०० वर, दुसरा एफ ११ आणि १/५० वर. उजेड सारखाच मोजला जातो, त्यामुळे दोन्ही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. दुसरा पांढराफटक आला तर पाती अडकताहेत.

बुरशीसाठी मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावा आणि पुढून तिरकं बघा. निकॉनची ‘एएफ-एस’ लेन्स बॉडीवरून काढली की तिची पाती मिटलेली असतात, मागचा छोटा दांडा बोटाने सरकवून ती उघडा. धुळीचे चार कण फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर निघा. ‘उन्हात ठेवली की बुरशी मरते’ असं विकणारा म्हणाला तरी काचेवर कोरलेली नक्षी उन्हाने पुसली जात नाही.

शेवटी ५५ वर जवळ-लांब असा पंधरा-वीस वेळा फोकस करा. लेन्सचं मागचं कडं प्लास्टिकचं असेल तर बॉडीत अडकणाऱ्या त्याच्या तिन्ही कानांना चीर नाही ना, ते नखाने चाचपून बघा. एवढं झालं की पैसे द्या.

विकणारा कुरकुरतो. ‘दोन हजारांच्या लेन्सला एवढं?’ मला दोनदा ऐकावं लागलंय. मी बॉडी पिशवीत घालून नमस्कार करतो. एकाने मागून हाक मारून बोलावलं आणि ती लेन्स आजही माझ्या भाच्याकडे चालते आहे.

पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पिठूळ धूळ झूमच्या फटीतून आत जाते.