सभेची टिपणं कीपमधून जीमेलमध्ये, आणि उलटही

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मीटिंगचे मुद्दे फोनवर गूगल कीप या टिपणांच्या ॲपमध्ये लिहिले जातात आणि मग सभासदांना मेल करायचे असतात. एकेक ओळ कॉपी-पेस्ट करत बसू नका.

१. कीपमध्ये टीप उघडा. तीन ठिपके, सेंड, मग सेंड व्हाया अदर ॲप्स, आणि जीमेल.

२. टिपेचं शीर्षक मेलचा विषय होतं, मजकूर खाली येतो. म्हणून शीर्षक आधीच नीट द्या. 'मीटिंग' एवढंच लिहिलं तर तो मेल कोण उघडणार?

३. चेकलिस्ट असेल तर टिकमार्कऐवजी चौकटी कंस येतात. ते खटकत असतील तर पाठवण्याआधी काढा.

उलट दिशेला मजा जास्त आहे. टँकरवाल्याचं बिल किंवा लिफ्टच्या देखभालीचं कोटेशन मेलवर आलं की संगणकावर तो मेल उघडा आणि उजव्या पट्टीतला कीपचा पिवळा दिवा दाबा. तिथे नवी टीप लिहिली की त्या मेलची लिंक आपोआप जोडली जाते. 'लिफ्टवाल्याला मंगळवारी फोन' एवढं लिहिलं तरी चालतं, दर आणि अटी लिंकवर सापडतात. पट्टी दिसत नसेल तर खाली उजव्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा.

मेलमधला मजकूर दुसऱ्या मेलमध्ये घेताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबा; रंग आणि फॉन्ट मागेच राहतात.

एक सांभाळा: सभासदांचे पत्ते बीसीसीमध्येच टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.