पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडायची की ओढायची? आधी एका वर्षाची किंमत काढा

निवृत्तीला तीन-चार वर्षं उरलेली असतात, कामातला जीव गेलेला असतो आणि रोज सकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना एकच विचार येतो: सोडून द्यावी का? प्रश्न एवढाच ठेवला तर उत्तर रोज बदलतं. साहेब बोलला की ‘हो’, पगार जमा झाला की ‘नको’. म्हणून प्रश्न जरा वेगळा विचारा. आणखी एक वर्ष थांबलो तर नेमके किती रुपये वाढतील, आणि त्या रकमेची मला खरंच गरज आहे का? इथे पीएफ कापला जाणाऱ्या खासगी नोकरीचा हिशेब धरला आहे.

जुनी पेन्शन लागू असलेल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार ‘राजीनामा’ दिला तर आधीची सेवा पेन्शनसाठी बुडते. २० वर्षं अर्हताकारी (म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन ‘स्वेच्छानिवृत्ती’ घेता येते आणि पेन्शन टिकते. अर्जातल्या एका शब्दाने आयुष्यभराची पेन्शन जाऊ शकते.

एका वर्षाचा हिशेब

समजा वय ५५ आहे, नोकरी २३ वर्षं ८ महिने झाली आहे, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ६०,०००, हातात ९५,००० येतात आणि घरखर्च ५५,००० आहे. आणखी एक वर्ष काम केलं तर पगारातून ४,८०,००० शिल्लक राहतात. पीएफमध्ये तुमचे ७,२०० आणि कंपनीचे ५,९५० दरमहा पडतात, म्हणजे वर्षाला १,५७,८००. (कंपनीच्या १२ टक्क्यांतले १,२५० पेन्शन योजनेत जातात.) ग्रॅच्युइटी ३४,६१५ ने वाढते. शिवाय त्या वर्षाचा ६,६०,००० चा घरखर्च पुंजीतून काढावा लागत नाही. एकूण १३,३२,४१५.

म्हणजे या घरात एक वर्ष जास्तीची नोकरी पुढची दोन वर्षं घर चालवते. मन उबगलं म्हणून सोडून देण्याइतकी ही रक्कम लहान नाही. पण पुंजी आधीच पुरेशी असेल तर हेच तेरा लाख तुमच्या हयातीत खर्चही होणार नाहीत. म्हणून दुसरा आकडा काढावा लागतो.

पुंजी पुरेल का हे बघायची सगळ्यात साधी आणि सावध रीत अशी: कर भरून उरणारं व्याज महागाईइतकंच आहे असं धरा. मग वर्षाचा खर्च गुणिले नव्वदीपर्यंतची वर्षं. वरच्या उदाहरणात ६.६ लाख गुणिले ३५, म्हणजे २ कोटी ३१ लाख. पीएफ, ग्रॅच्युइटी, ठेवी, म्युच्युअल फंड यांतून कर्ज वजा करून जे उरेल ते याच्याशी ताडून बघा. राहतं घर यात धरू नका. भाडं, शेतीचं उत्पन्न, जोडीदाराचं उत्पन्न वर्षाच्या खर्चातून वजा धरा. पीएफची पेन्शन मात्र निम्मीच धरा, कारण ती महागाईबरोबर वाढत नाही.

घरखर्चाचा आकडा अंदाजाने टाकला की सगळं गणित कोसळतं. बँकेचे बारा महिन्यांचे उतारे काढून बेरीज करा. वर्षातून एकदाच येणारे खर्च राहून जातात: मालमत्ता कर, गाडीचा विमा, सोसायटीची रंगरंगोटी, लग्नकार्यातले आहेर. मुलांचं शिक्षण किंवा लग्न बाकी असेल तर ती रक्कम वेगळी काढून मगच उरलेली मोजा.

कंटाळा नेमका कशाचा आहे

ही पायरी लोक गाळतात, आणि घरी बसल्यावर सहा महिन्यांत तोच कंटाळा पुन्हा समोर उभा राहतो. सहा आठवडे एक साधी वही ठेवा. रोज संध्याकाळी दोनच ओळी लिहा: आज कशाने जीव नकोसा झाला, आणि कुठला तास बरा गेला. सहा आठवड्यांनी वाचताना कारण दिसतं. ते प्रवासाचं किंवा रात्रपाळीचं निघालं तर खातं बदलून मागा किंवा कायमची पहिली पाळी मागा. वरिष्ठाचं निघालं तर त्याची बदली किंवा निवृत्ती कधी आहे ते बघा. झोप, रक्तदाब, साखर बिघडली असेल तर हिशेबाच्या आधी डॉक्टर, आणि इथे तेरा लाखांचा मोह धरू नये. कामच निरर्थक वाटत असेल, आणि बऱ्या तासांच्या रकान्यात आठवडाभरात एकही नोंद नसेल, तर मात्र खातं बदलून काही साधत नाही.

त्यानंतर रंगीत तालीम करा. शिल्लक रजेतून सलग पंधरा दिवस घ्या आणि कुठेही फिरायला न जाता घरीच राहा. जोडीदाराचीही ही तालीम असते. दुपारी अकरा ते चार घरात दोघं असण्याची दोघांनाही सवय नसते. त्याबरोबर सलग तीन महिने फक्त निवृत्तीनंतरच्या खर्चावर घर चालवा आणि उरलेला पगार येताक्षणी दुसऱ्या खात्यात टाका. तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लावावा लागला, तर तुमचा घरखर्चाचा आकडा चुकला आहे.

आरोग्य विमा आधी, राजीनामा नंतर

बहुतेक ठिकाणी कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. ५५ व्या वर्षी मधुमेह किंवा रक्तदाब असताना नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून सोडायचा विचार डोक्यात आला त्याच वर्षी स्वतःची पॉलिसी घ्या. थांबण्याचा काळ नोकरीत असतानाच सरतो. ते राहून गेलं असेल तर गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मागणी नोकरी सुटण्याच्या पुरेशी आधी करा. जुने आजार अर्जात लपवू नका, दावा तिथेच अडतो.

तारीख कुठली निवडायची

ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा पगार (मूळ पगार आणि महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले की पूर्ण वर्ष धरतात. २३ वर्षं ५ महिन्यांना सोडलं तर २३ वर्षांचे ७,९६,१५४. २३ वर्षं ८ महिन्यांना २४ वर्षांचे ८,३०,७६९. दोन-तीन महिने थांबून ३४ हजार मिळत असतील तर थांबा. वार्षिक बोनससाठी त्या दिवशी मस्टरवर असावं लागतं का, नोटीस किती, तेही नेमणूकपत्रात बघा. गृहकर्जाचं रूपांतर किंवा क्रेडिट कार्ड हवं असेल तर पगार चालू असतानाच करून घ्या.

पीएफच्या पेन्शनला किमान १० वर्षं सेवा लागते. पूर्ण पेन्शन ५८ ला मिळते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कमी. लवकर घेणं म्हणजे नुकसानच, असा सर्रास समज आहे. आकडे बघा. ५८ ला ५,००० बसत असेल तर ५५ ला साधारण ४,४०० मिळतील. तीन वर्षांत १,५८,४०० हातात येतात. महिन्याचे ६०० कमी पडल्याने ती रक्कम फिटायला ५८ पासून २२ वर्षं लागतात, म्हणजे तुम्ही ऐंशीत पोचता. लगेच गरज असेल तर लवकर घ्या. गरज नसेल, किंवा पुन्हा पीएफ असलेली नोकरी धरायची असेल, तर योजना प्रमाणपत्र (आजवरची पेन्शनची सेवा नोंदवून ठेवणारा कागद) घेऊन थांबा.

पुंजी थोडी कमी पडत असेल तर मधला रस्ता आहे. महिन्याला २५,००० चं हलकं काम ६२ पर्यंत केलं तर सात वर्षांत २१ लाखांचा भार उतरतो. जुन्या कंपनीलाच आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून विचारा. हे राजीनाम्याआधी लेखी ठरवा, निरोप समारंभातल्या आश्वासनावर राहू नका.

पैसे हातात आल्यावर

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकायची रक्कम सोडून बाकी सगळी सहा महिने दोन-तीन बँकांच्या ठेवींत ठेवा. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, मग ती दीड-दोन टक्के जास्त देत असली आणि चेअरमन ओळखीचे असले तरी. ५५ ते ६० या वयात निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत टाकता येतात, ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० येतात. निवृत्तीची कागदपत्रं बरोबर न्या. पीएफ खात्यात पैसे तसेच ठेवले तर नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

शेवटच्या दिवसाच्या तीन महिने आधी पीएफच्या पोर्टलवर आधार, पॅन आणि पीएफ खात्यातलं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का बघा. जुन्या कंपन्यांची खाती एकाच यूएएनमध्ये (पीएफचा कायमचा क्रमांक) आणा, नामनिर्देशन भरा. दावे अडकतात ते बहुतेक इथेच. सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःच टाकता येते.