पोरीला पाककला स्पर्धेसाठी तयार करताना

आधी पदार्थ तिलाच ठरवू द्या, अन् तो घरी रोजच्या खाण्यातला असावा. यूट्यूबवरचा पास्ता नको, आपला विदर्भातला गोळाभात घ्या, म्हणजे डाळीचे गोळे घालून शिजवलेला भात, परीक्षक त्याबद्दल चार प्रश्न विचारतील अन् पोरीला उत्तरं तोंडपाठ असतील.

चणाडाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटायची, इथंच बहुतेक पोरं गडबडतात कारण पाणी राहिलं की गोळे भातात फुटतात. तिखट, हळद, मीठ, सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालून गोळे वळायचे, भात अर्धा शिजला की वर ठेवून झाकण, मंद आच. वरून लसणाची गरम फोडणी. भिवापुरी मिरची मिळाली तर तीच घ्या, तिला जीआय मानांकन आहे, म्हणजे त्या भागाचंच खास पीक अशी सरकारी नोंद, हे पोरीला सांगून ठेवा, परीक्षकांसमोर कामी येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्पर्धेत चूल नसते हो. गॅस आहे का इंडक्शन ते आयोजकांना आधीच विचारा, इंडक्शनवर जर्मनचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, चालत नाही, बुडाला चुंबक चिकटेल असंच भांडं पाहिजे, अन् सराव त्याच भांड्यात, घड्याळ लावून.

सरावात तुमचा हात चमच्याला लागू देऊ नका. मीठ कमी पडलं तरी गप्प राहा, तिला चाखू द्या, "काय कमी वाटते?" एवढंच विचारा. ओटा पुसणं, केस बांधणं, नखं कापणं हे पण पहिल्या दिवसापासून, कारण स्वच्छतेलाही मार्क असतात.

आदल्या रात्री नवीन काही शिकवू नका, फक्त सामानाची यादी तिच्याकडूनच वाचून घ्या.