यादी हाती घ्या, मग टक्क्यावर बोला

मतदान झालं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठाण्याची एक बातमी ठरलेली असते: शहरी मतदाराने पुन्हा पाठ फिरवली. २० मे २०२४ रोजी ठाणे लोकसभा मतदारसंघात जेमतेम ५२ टक्के मतदान झालं, तेव्हाही हेच छापून आलं. राज्यशास्त्रात एम.ए. करून निवडणूक पाहणीच्या कामात उतरू पाहणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात ती हाच प्रश्न घेऊन: ‘ठाणेकर मत का देत नाहीत?’ मी त्यांना उलट विचारते, ‘हे बावन्न टक्के कशाचे?’

टक्का काढताना खाली जो आकडा असतो तो शहरात राहणाऱ्या प्रौढ माणसांचा नसतो, मतदार यादीतल्या नावांचा असतो. आपल्याकडे ही यादी म्हणजे स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तो सोडून ‘मतदार उदासीन का’ यावर प्रबंध लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही त्यांच्यात भर घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात अशी करा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून तुमच्या राहत्या भागाचा एक यादी भाग, म्हणजे साधारण एका मतदान केंद्राची यादी, उतरवून घ्या. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग एवढी माहिती त्यात असते. पानं चित्ररूपात असल्याने संगणकावर शोध घेता येत नाही, म्हणून सरळ छापून घ्या आणि त्या गल्लीत फिरा. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करा: राहतात, दुसरीकडे गेले, मयत, पत्ता लागत नाही.

ठाण्यातल्या नौपाड्यात हे काम करताना काय दिसतं ते सांगते. यादीत एका तीन मजली इमारतीची पाच-पंचवीस कुटुंबं सलग असतात. पत्त्यावर गेलं तर समोर निळे पत्रे आणि आत खोदकाम. पुनर्विकासासाठी इमारत पाडलेली, कुटुंबं भाड्याने कोणी कळव्याला, कोणी डोंबिवलीला, कोणी बाळकुमला. नावं जागच्या जागी. शेजारच्या जुन्या इमारतीतल्या आजोबांजवळ यादी घेऊन बसलं की ते बोट ठेवून सांगतात, हे गेले, ही लग्न होऊन पुण्याला गेली, हा अमेरिकेत. दुसऱ्या टोकाला घोडबंदर रोड. तिथल्या टॉवरमध्ये दारामागून दार उघडतं, माणसं बोलतात, राजकारणावर तर भरभरून बोलतात, पण नाव अजून मुलुंडला किंवा विक्रोळीला. म्हणजे नौपाड्यात नाव आहे आणि माणूस नाही, घोडबंदरला माणूस आहे आणि नाव नाही. या दोन्ही गोष्टी बातमीत ‘उदासीनता’ या एकाच शब्दाखाली जमा होतात. एक आपला टक्का खोटाच खाली ओढते, दुसरी टक्क्यात दिसतच नाही. दुसरी मला जास्त गंभीर वाटते, कारण त्या माणसाला मत द्यायचं असतं.

यादीची दुसरी गुंतागुंत महापालिकेच्या वेळी कळते. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग. राज्य आयोग आपली वेगळी यादी करत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली, त्यामुळे नंतर नाव नोंदवलेले तरुण कार्ड हातात असूनही बाहेर राहिले. दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन तारे छापले होते. प्रभागही बहुतेक चार जागांचे, म्हणजे तिथे एका माणसाने चार मतं द्यायची. नवी मुंबईत तर २०१५ च्या निवडणुकीत निवडून आलेल्यांची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं नगरसेवकच नव्हते. ठाण्यात २०२२ पासून २०२६ च्या या निवडणुकीपर्यंत तीच स्थिती. याचा सहभागावर काय परिणाम होतो? वस्तीत नाव नोंदवून देणं, पत्ता बदलून देणं, मतदानाच्या आदल्या रात्री चिठ्ठी घरपोच करणं, ही कामं प्रत्यक्षात नगरसेवकाच्या कार्यालयातली पोरं करतात. ते कार्यालय थंडावलं की नोंदणीही थंडावते. यावर नीट अभ्यास व्हायला हवा. प्रबंधाचा विषय शोधत असाल तर हा घ्या.

आता प्रभावांकडे वळू. मत कशाने ठरतं, हे विचारायला गेलात तर पहिलं उत्तर ठरलेलं: ‘विकास’. ते लिहून घ्या, पण तिथे थांबू नका.

लोकमान्य नगरच्या एका चाळीतली मुलाखत मला नेहमी आठवते. दार नवऱ्याने उघडलं. प्रश्न बाईंना होते, कारण पाहणीसाठी यादीतून निवडलेल्या नमुन्यात नाव त्यांचं आलं होतं. पाण्यापासून महागाईपर्यंत प्रत्येक प्रश्नाला उत्तर नवराच देत होता आणि बाई भाजी निवडत मान हलवत होत्या. ‘आमच्या घरातली सगळी मतं एकाच ठिकाणी जातात,’ असंही त्याने सांगून टाकलं. मग मी नकली मतपत्रिका आणि पुठ्ठ्याची पेटी काढली. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतला लोकनीती हा गट आपल्या पाहण्यांत हीच पद्धत वापरतो: मत तोंडी विचारायचं नाही, चिन्हांचा कागद द्यायचा, उत्तरदात्याने एकट्याने खूण करून घडी पेटीत टाकायची. बाईंनी हात पदराला पुसले, कागद घेतला, आमच्याकडे पाठ केली आणि खिडकीच्या कट्ट्यावर खूण केली. घडी घातली, पुन्हा एकदा घातली, मग पेटीत टाकली. नवरा म्हणाला, ‘दाखव की.’ त्या म्हणाल्या, ‘मतपेटी आहे ती.’ आणि पुन्हा भाजी घेऊन बसल्या.

म्हणून सांगते, पेटी वापरा. मोबाइलवर उत्तरं टिपण्याची आता सगळीकडे पद्धत आहे, तिचे फायदेही आहेत, पण मताचा प्रश्न तरी बोलून विचारू नका. आणि जमेल तिथे बाईंची मुलाखत बाईने घ्यावी. चाळीत आणि झोपडपट्टीत दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, कामं उरकलेली असतात. टॉवरमध्ये रविवारी सकाळी जा आणि आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र देऊन ठेवा. पत्र असूनही गेटवरून परत पाठवलं जाईल, तरी धीर सोडू नका. मात्र जिथे सहज प्रवेश मिळतो तिथलीच माणसं भरून नमुना पुरा करू नका. श्रीमंत घरं अशीच नमुन्यातून गळतात आणि मग ‘गरीबच जास्त मत देतात’ हे आपण न तपासताच सिद्ध झालं असं धरतो.

हे वाक्य बहुतांशी खरं आहे, हेही सांगायला हवं. पाश्चात्त्य देशांच्या अभ्यासात शिक्षण आणि उत्पन्न वाढलं की मतदान वाढतं असं वाचायला मिळतं. आपल्याकडे रांग वस्तीत लांब असते. वस्तीतल्या माणसाचं पाणी, शौचालय, झोपडीचा पुरावा, हॉस्पिटलमधली खाट हे सगळं कोण निवडून येतं यावर अवलंबून असतं. टॉवरला टँकर विकत घेता येतो.

पैशाचा प्रश्न टाळू नका, पण थेट विचारूही नका. ‘तुम्हाला काही मिळालं का?’ म्हटलं की दार बंद होतं, आणि तसं विचारणं बरोबरही नाही, कारण मतासाठी पैसे देणं-घेणं गुन्हा आहे आणि समोरच्याला आपण गुन्हा कबूल करायला लावत असतो. ‘या भागात लक्ष्मीदर्शन होतं असं लोक म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की माणसं मोकळी होतात. तेव्हा कळतं की पाकीट हा प्रभावाचा एकच प्रकार आहे. सोसायटीचं रंगकाम, आवारातले पेव्हर ब्लॉक, महिला मंडळाची देवदर्शनाची सहल, हळदीकुंकवाची वाणं, दहीहंडीची बक्षिसं, गणेशोत्सवाची वर्गणी हे सगळं वर्षभर चालू असतं. ठाण्यात तर उत्सव आणि राजकारण वेगळं काढताच येत नाही. १९६७ मध्ये इथल्या नगरपालिकेत शिवसेनेला यश मिळालं तेव्हापासून शाखा, मंडळ आणि मदतीला धावून येणारा माणूस ही साखळी पक्की आहे, आणि आनंद दिघे यांच्या काळात टेंभी नाक्यावर तिला जो आकार आला तो आजही सगळे पक्ष गिरवतात. पैसे घेऊन माणूस त्यालाच मत देतो, असंही समजू नका. अनेक जण दोघांकडून घेतात आणि तिसऱ्याला देतात. पाकिटाचा उपयोग मत वळवण्यापेक्षा ‘हा उमेदवार तयारीत आहे’ हे दाखवायला जास्त होतो, असं माझं मत बनलं आहे.

योजनांबद्दलही घाई करू नका. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र महिलांना महिना १,५०० रुपये मिळू लागले, आणि लोकसभेला राज्यात सुमारे ६१ टक्के असलेलं मतदान नोव्हेंबरच्या विधानसभेला सुमारे ६६ टक्क्यांवर गेलं. दोन्ही खरं, पण पहिल्यामुळेच दुसरं झालं हे अजून सिद्ध करायचं राहतं. मधल्या महिन्यांत यादी दुरुस्त झाली, काही गृहसंकुलांच्या आवारातच केंद्रं आली, मे महिन्याचा उकाडा आणि सुट्ट्या नव्हत्या, आणि सगळ्या राज्यात एकाच दिवशी मतदान होतं.

या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व नवी मुंबईत कळतं. वाशीच्या बाजार समितीतले माथाडी आणि त्यांची कोपरखैरणे-घणसोलीतली घरं बहुतांशी सातारा-सांगलीकडची. जीव गावात आणि पोट इथे. लोकसभेला सातारा-सांगलीचं मतदान ७ मे रोजी होतं, ठाण्याचं २० मे रोजी. विधानसभेला दोन्हीकडे २० नोव्हेंबर. एका माणसाचं नाव दोन ठिकाणी असणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे घरागणिक निवड झालेली दिसते: म्हाताऱ्यांची नावं गावी, मुलांची इथे. एसटीच्या गाड्या भरून गावी मतदानाला जाणारी माणसं पाहिली की त्यांना उदासीन म्हणायला जीभ रेटत नाही. पण ठाण्याच्या टक्क्यात ती कुठेच नसतात. त्याच ऐरोली-बेलापूरच्या मतदारसंघांत आगरी-कोळी गावठाणं आहेत. तिथे सकाळी सकाळी भावकीच्या भावकी केंद्रावर येते. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातले साडेबारा टक्क्यांचे भूखंड, गरजेपोटी परवानगीविना बांधलेली घरं, विमानतळाला भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव हे प्रश्न तिथे जिव्हाळ्याचे आहेत. सिडकोच्या सेक्टरमधल्या शेजाऱ्याला त्यातलं निम्मं ठाऊक नसतं. प्रश्नावली एकच ठेवाल तर यातलं काहीच हाती लागणार नाही.

आकड्यांच्या कामाला बसाल तेव्हा निकालाचा नमुना २० (फॉर्म २०) शोधा. प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते त्यात असतं. पण २०१९ चं केंद्र क्रमांक ११२ आणि २०२४ चं ११२ एकच आहे असं धरून तक्ता करू नका. मतदारसंख्येप्रमाणे केंद्रं फोडली-जोडली जातात आणि क्रमांक सरकतात. केंद्राचा पत्ता आणि यादीतल्या वस्त्या जुळवल्याशिवाय दोन निवडणुकांची तुलना होत नाही. हे काम किचकट आहे, त्यात महिने जातात, पण आपल्या शहराबद्दल नवं काही सांगायचं असेल तर त्याला पर्याय नाही.

पोटापाण्याचं थोडक्यात. विद्यापीठांचे विभाग आणि संशोधन संस्था निवडणुकीच्या हंगामात क्षेत्रकार्यासाठी मुलं घेतात, खासगी पाहणी कंपन्याही घेतात, तिथे बहुधा फॉर्ममागे पैसे मिळतात. पक्षांच्या वॉर रूममध्ये पैसा जास्त असतो, पण तिथली माहिती तुमची राहत नाही, ती प्रबंधात वापरता येणार नाही हे आधीच समजून घ्या. कोणाचंही काम करा, ओळखपत्र आणि लेखी पत्र घेतल्याशिवाय वस्तीत पाय ठेवू नका. मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत प्रसिद्ध करायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार बंदी आहे. उत्साहात व्हॉट्सॲपवरही टाकू नका.

फिरताना यादीत नाव नसलेली माणसं भेटतीलच. अभ्यासकाने तटस्थ राहावं असं शिकवतात. कोणाला मत द्यावं याबाबत ते मला शंभर टक्के मान्य आहे, नोंदणीबाबत नाही. मुलाखत संपली की त्यांना नाव नोंदवण्याच्या अर्जाबद्दल, म्हणजे नमुना ६ बद्दल सांगा, पत्ता बदलला असेल तर नमुना ८ बद्दल. अठरा पूर्ण होण्याच्या पात्रता तारखा आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो, नाहीतर त्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. बीएलओ बहुधा जवळच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, त्यांचं नाव यादी भागाप्रमाणे संकेतस्थळावर मिळतं. त्यांची ओळख करून घ्या. कुठलं घर कधी रिकामं झालं आणि कोण नवीन राहायला आलं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.