चमच्यांवर ठेका धरताय? या चुका टाळा

दोन चमचे हातात घेतले की ते वाजतातच, त्यामुळे शिकण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. सांगलीत घरगुती गणपतीची आरती असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की सहलीची बस, मुलं चमचे काढतात, खणखणाट होतो आणि दोन मिनिटांत मोठी माणसं ते काढून घेतात. खरं तर हे पुरतं वाद्य आहे. आयर्लंडमध्ये आणि कॅनडातल्या क्युबेकमध्ये लोकसंगीताच्या साथीला चमचे वाजतात, रशियात लाकडी चमच्यांचे मेळे असतात, तुर्कस्तानात दोन्ही हातांत चमच्यांच्या जोड्या घेऊन नाचतात. आपल्या जुन्या वर्गीकरणात बसवायचं तर हे घनवाद्य, म्हणजे टाळ, झांज आणि चिपळ्यांच्या कुळातलं.

चमच्यांची जोडी एका हातात धरून मांडीवर आणि दुसऱ्या तळहातावर वाजवायला शिकणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: आवाज बसका येतो, चमचा फिरतो, वेग येत नाही, मांडी दुखते. या चारही तक्रारींचं मूळ मला बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं. दोन चमच्यांमधली फट आघातानंतर पुन्हा उघडत नाही.

चिपळीसारखे वाजवू नका

आपल्याकडे ही चूक सर्वांत जास्त होते आणि त्याचं कारणही आपल्याकडचंच आहे. भजनात वाढलेल्या हाताला चिपळीची सवय असते. चिपळीत एक फळी अंगठ्यात, दुसरी बोटांत, आणि हात मिटला की नाद. तोच हात चमचे धरतो तेव्हा मूठ आवळून ते एकमेकांवर आपटायला जातो. मग चमचे एकमेकांना चिकटतात आणि ‘खट’ एवढाच मेलेला आवाज येतो. (तुर्की नाचात चमचे बोटांनीच मिटतात, पण तिथे ते लाकडी असतात आणि ती पद्धतच वेगळी आहे.) मांडीवर वाजवायच्या पद्धतीत बोटं काहीच मिटत नाहीत. हात जोडी नुसती धरून ठेवतो. चमचे बंद होतात ते मांडी किंवा दुसरा तळहात खालून-वरून लागल्यामुळे, आणि लगेच आपोआप उघडतात.

म्हणून पकड अशी बसवा. चमचे पाठीला पाठ लावून घ्यायचे, म्हणजे दोघांच्या खोलगट बाजू बाहेर. खालच्या चमच्याचा दांडा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांनी त्याचं टोक तळहाताशी घट्ट दाबायचं. वरच्या चमच्याचा दांडा तर्जनीवर टेकतो, त्यावर अंगठा. तर्जनी दोन दांड्यांच्या मध्ये राहते, आणि फट ठेवायचं काम तिचं. दांड्यांची मागची टोकं तळहातात जवळ, पुढच्या वाट्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी जागा. खालचा चमचा हलता कामा नये. वरचा थोडा डुलला पाहिजे. सगळा जोर खालच्या चमच्यावर द्या, अंगठा मात्र नुसता टेकलेला असू द्या.

पकड बरोबर आहे का हे वाजवण्याआधीच कळतं. दुसऱ्या हाताच्या बोटाने वरची वाटी दाबा आणि सोडा. दाबल्यावर ती खालच्या वाटीला लागली आणि सोडल्यावर परत वर आली, तर पुढे जा. खालीच राहिली तर तर्जनी सरळ झाली आहे. तिला जरा वाकवून घ्या. क्युबेकमध्ये काही लाकडी चमचे एकाच लाकडातून कोरलेले असतात, दोन्ही दांडे मुठीपाशी जोडलेले. त्यांत फट कायमचीच ठरलेली असते. आपल्या चमच्यांना तो आधार बोटांनी द्यायचा आहे.

एका आघाताला दोन आवाज येत असतील तर उलट दोष समजा: वरचा चमचा फार सैल आहे आणि उसळी घेतो आहे. अंगठा किंचित टेकवा. चमचा फिरून कडेवर कड लागत असेल तर बहुधा हाताला घाम आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात हे होणारच. दांड्याला कापडी चिकटपट्टीचे एक-दोन वेढे द्या, वाटीकडे जाऊ नका.

बसण्याची चूक

परदेशी वादकांचे व्हिडिओ बघून शिकणारे इथे अडतात, कारण ते खुर्चीवर बसलेले असतात. खुर्चीवर मांडी आडवी आणि सपाट मिळते. आपण सतरंजीवर मांडी घालून बसतो. मग मांडी बाहेरच्या बाजूला उतरती होते, चमचे तिच्यावर तिरपे पडतात आणि वाटीची एकच कड रुतते. दुखणं तिथूनच सुरू होतं, आवाजही अर्धाच निघतो. पहिले काही आठवडे सरळ खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून शिका. नंतर सतरंजीवर बसाल तेव्हा आघाताची जागा गुडघ्याकडे न सरकवता मांडीच्या मधल्या मांसल भागावर ठेवा आणि मनगट उतारानुसार वळवा. वाटीची पूर्ण कड एकाच वेळी टेकली पाहिजे. गुडघ्याच्या हाडावर तर कधीच नको. खिशातला मोबाईल आणि किल्ल्या काढून ठेवा.

दुसरा तळहात मांडीच्या वर, पालथा. तो किती उंच धरायचा यावर वेग अवलंबून आहे. नवखी माणसं वीतभर उंच धरतात आणि मग लय वाढली की हात पोहोचत नाही. चार-पाच बोटांचं अंतर पुरे. वरचा हात स्थिर ठेवा, त्याने खाली टाळी द्यायला येऊ नये. अंगठी काढा. हालचाल कोपरातून नको, मनगट आणि त्यामागचा थोडा हात एवढ्यावरच चालू द्या; खांद्यातून मारणारा पाच मिनिटांत थकतो.

ताल चुकतो तो कुठे

मांडी, तळहात, मांडी, तळहात. ही चाल एकदा सुरू झाली की केरवा ताल त्यात अलगद बसतो: धा गे ना ती, न क धी न. आठ मात्रा, आठ आघात, सम (तालाची पहिली मात्रा) दर वेळी मांडीवर. इथली चूक एवढीच की आठही आघात सारख्या जोराने पडतात आणि ऐकणाऱ्याला सम सापडत नाही. समेला जास्त जोर देऊ नका, स्टील लगेच कर्कश होतं. बाकीच्या सात मात्रा हलक्या करा, सम आपोआप वर येते. ज्या मिरजेत दर्ग्याच्या उरुसाला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं आणि लोक त्यासाठी रात्र जागवतात, त्या परिसरात समेची गफलत श्रोत्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसते.

दादरा तालात मात्र भले भले फसतात. धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा खाली-वर वाजवल्या तर पहिला धा मांडीवर पडतो आणि चौथ्या मात्रेचा धा तळहातावर. हाताला ते पटत नाही, तो चौथ्यालाही मांडी शोधतो आणि तिसरी-चौथी मात्रा गोळा होते. उपाय सोपा आहे: तिसरी आणि सहावी मात्रा वाजवूच नका. मांडी, तळहात, मोकळं; मांडी, तळहात, मोकळं. मोकळ्या मात्रेत हात खाली येऊन मांडीच्या वर थांबतो. हे पक्कं झाल्यावर वाटलं तर मोकळ्या जागा भरा, पण गाण्याच्या साथीला मला त्या मोकळ्याच बऱ्या वाटतात. मोबाईलवरच्या तबल्याच्या ॲपवर मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत सुरुवात करा, 90 पर्यंत सावकाश जा.

बोटांवरून सर्रकन वाजवण्याची घाई सगळ्यांना असते. डाव्या हाताची बोटं फाकवून ताठ धरायची आणि चमचे तर्जनीपासून करंगळीपर्यंत ओढत मांडीवर आणायचे; प्रत्येक बोटाला जोडी बंद होते आणि उघडते. बोटं ढिली असली की नुसतं घासल्यासारखं होतं. फट नसेल तर कितीही ओढा, चार टोले वेगळे येणार नाहीत.

कुठले चमचे, कुठली साथ

पातळ पत्र्याचे चमचे मानेत वाकतात, ते टाळा. प्लॅस्टिकच्या मुठीचेही नकोत. जेवणाचे जाड, एकाच साच्यातले दोन स्टीलचे चमचे घ्या. दुकानात दांड्याचं टोक दोन बोटांत सैल धरून दुसऱ्या चमच्याने हलकंच टिचकवा. नाद रेंगाळला तर घ्या. घरातल्या रोजच्या जेवणाच्या चमच्यांवर वाजवू नका, कडांना खाचा पडतात. मुलांना लाकडी जोडी द्या: आवाज मऊ, इजा कमी. फक्त पावसाळ्यात ती धुऊन ओली ठेवली तर बुरशी धरते. पुसून वाऱ्यावर वाळवा.

भजनी मंडळात बसायचं असेल तर आधी बघा की टाळ किती आहेत. जाड टाळांच्या गजरात स्टीलचे चमचे वेगळे ऐकूही येत नाहीत आणि कानाला टोचतातही, कारण दोन्ही वाद्यं वरच्याच पट्टीतली. गजर चालू असताना चमचे मांडीवर ठेवा. पेटी, तबला आणि एकच गायक उरतो अशा संथ अभंगात लाकडी जोडी काढा, तबलजीच्या डाव्या हाताला बसा आणि पहिलं आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, नुसतं ऐकून दुसऱ्याच्या समेला सुरू व्हा.