मूकपटांच्या विनोदी तुकड्यांची संकलनफिल्म जोडताना

पहिली भानगड वेगाची. ३५ मिमीचं १००० फुटांचं रीळ सेकंदाला १६ फ्रेमने साधारण १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ ने जेमतेम ११ मिनिटं. म्हणून आंधळेपणाने आजच्या नेहमीच्या २४ वर टाकलं, की माणसं मुंग्यांसारखी पळतात. पण अगदी ‘नैसर्गिक’ चालीवरही आणू नका. धावपळीची दृश्यं पडद्यावर वेगवान दिसावीत म्हणून मुळातच कॅमेऱ्याचा दांडा हळू फिरवून घेतलेली असत. १८ ते २२ मध्ये डोळ्यांनी ठरवा. १८ ची फिल्म २४ वर नेताना दर तिसरी फ्रेम दुहेरी करा.

कापताना विनोदाची पूर्वतयारी शाबूत ठेवा. मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटनच्या ‘वन वीक’मध्ये (१९२०) रुळांवर अडकलेल्या घराला आगगाडी चुकवून जाते, हायसं वाटतं, आणि उलटीकडून दुसरी गाडी घर फोडते. मधला तो श्वास कापलात तर उरतो नुसता अपघात.

चौकट १.३३:१ (रुंदी:उंची) च ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या चालतील. पडदा भरायला वरखाली छाटलं, तर पाय जातात, आणि घसरण्याचा विनोद पायांतच असतो. दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने दोनदा वाचून होतील एवढा वेळ ठेवा.

चित्रपट हक्कमुक्त असला, तरी नव्याने जोडलेलं संगीत हक्कमुक्त असेलच असं नाही. ते वेगळं तपासा.