गड्ड्याच्या गर्दीत साईट का पडायली, ते लॉगमधून असं सापडलं

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा (जत्रा) भरला आणि इकडं आमच्या मित्राच्या चादर-टॉवेलच्या दुकानाची साईट सारखी ५०२ (मागचा सर्व्हर नीट उत्तर देत नाही, ही एरर) द्यायली, गिऱ्हाईकांचे फोन वर फोन. एनजिनएक्सचा, म्हणजे साईट पुरवणाऱ्या वेब सर्व्हरचा, अ‍ॅक्सेस लॉग (आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची नोंद) एवढा मोठा झालेला की एडिटरात उघडला तर लॅपटॉपच अडकला, म्हणून मग सर्व्हरवरच कमांड चालवल्या.

लॉगच्या नेहमीच्या कंबाइंड फॉरमॅटमध्ये स्पेसनं तोडलं की पहिला कॉलम आयपी, सातवा पत्ता, नववा स्टेटस. ऑक (awk) या कॉलम निवडणाऱ्या कमांडनं नववा ५०२ असलेल्या ओळी घेऊन सातवा छापला, पुढं सॉर्ट, युनिक मायनस सी (uniq -c, सारख्या ओळी मोजायला), परत सॉर्ट मायनस एनआर (sort -nr, मोठा आकडा वर आणायला). पहिल्यांदा मधला सॉर्ट राहिला होता आणि आकडे सगळे चुकीचे आले, कारण युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळीच एकत्र मोजतं, हे खरंच लक्षात ठेवा. आणि पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग कट (cut) कमांडनं काढून टाका, नाहीतर प्रत्येक सर्च वेगळा दिसतो.

तसं केल्यावर सर्चचं पानच सगळ्यात वर आलं. मग त्याच पानासाठी पहिला कॉलम मोजला तर जवळपास सगळा मारा एकाच आयपीवरनं, कुठला तरी बॉट (आपोआप रिक्वेस्ट मारणारा प्रोग्रॅम)! जुने जीझिप करून दाबलेले लॉग झेडग्रेपनं (zgrep, न उघडता आत शोधणारी कमांड) बघितले, तिथंही तोच, म्हणजे जत्रेच्या गर्दीचा काही संबंधच नव्हता.

एनजिनएक्समध्ये सर्चला दर आयपीमागं लिमिट लावली. जादा रिक्वेस्टला ते आपोआप ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतं, ते बदलून ४२९ (फार जास्त रिक्वेस्ट) केलं म्हणजे लॉगमध्ये वेगळं ओळखू येतं. संध्याकाळपासून एकही ५०२ नाही.